काडीमोडीनंतर पोर कोणाचे? : आत्मकथनांतील एक न विचारलेला प्रश्न

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. भूक, गावकुसाबाहेरचे जगणे, शाळेतला अपमान, शहरातली फरफट, शिकलेल्याचे आपल्याच माणसांत परके होणे, या सगळ्याची समीक्षकांनी आपापल्या परीने उकल केली. प्रस्थापित समीक्षकांनी आधी भाषेवरून नाके मुरडली आणि मग वेदनेचे कौतुक केले. आपल्या बाजूच्या समीक्षकांनी त्या वेदनेमागची व्यवस्था उघडी केली. हे व्हायलाच हवे होते. परंतु या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका प्रसंगाजवळ आपण थांबलो नाही. घर मोडते. नवरा बायकोला टाकतो, किंवा ती निघून जाते, किंवा पंच बसून काडी मोडतात. त्यानंतर पोर कोणाच्या अंगणात वाढले, त्याच्या नावापुढे कोणाचे नाव लागले, आणि ज्याच्याकडे ते राहिले नाही त्याला ते पुन्हा दिसले की नाही, हे आपल्या समीक्षेने विचारले नाही.

मागे धुळ्याच्या एका चर्चासत्रात मी हा विषय काढला. एक जुने कार्यकर्ते उठून म्हणाले, "बाई, पोरांचा ताबा आणि भेटीचे वार हे शहरातल्या फ्लॅटवाल्यांचे प्रश्न. आपल्या बाईपुढे भाकरीचा प्रश्न आहे." टाळ्याही पडल्या. त्यांच्या चळवळीतल्या वर्षांबद्दल मला आदर आहे, पण हे म्हणणे मान्य होण्यासारखे नाही. आपली बाई मार खाऊन, सवत सोसून नांदत राहते त्याचे कारण ती कोणालाही विचारा. भाकरी तर तिची तीच मिळवत असते. निंदणी, खुरपणी, वीटभट्टी, ऊसतोड यांत तिचे हात नवऱ्याहून कमी चालत नाहीत. ती राहते ती पोरापायी. निघालो तर पोर मागे राहील, हे तिला कोणी वकिलाने सांगावे लागत नाही. म्हणजे तिच्या गुलामीची कडी नेमकी याच जागी आहे, आणि ती कडी आपल्या साहित्यात अनेकदा आली आहे.

शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' घ्या. हे पुस्तक १९८४ सालचे. मासामाईचे लग्न विठ्ठल कांबळे या गरीब सालदाराशी झालेले. गावचा पाटील हणमंता लिंबाळे तिच्यावर डोळा ठेवतो, संसारात बिब्बा घालतो, आणि जातीची पंचायत बसून तिची सोडचिठ्ठी होते. पोटची मुले बापाकडे राहतात. मासामाई रिकाम्या ओटीने बाहेर पडते, पाटलाच्या हाती लागते, आणि त्यातून ज्याचा जन्म होतो तो या पुस्तकाचा निवेदक. पाटील त्याला आपले म्हणत नाही. शाळेत नाव घालताना बापाच्या जागी काय लिहायचे असा पेच पडतो. मुख्याध्यापक पाटलाचे नाव लिहितात. ते लागू नये म्हणून पाटील आटापिटा करतो, पण मुख्याध्यापक बधत नाहीत. हा प्रसंग आपण सर्वांनी वाचला आहे, वर्गात शिकवला आहे. जात आणि जन्म यांच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची तगमग म्हणून आपण तो शिकवतो.

परंतु याच पुस्तकात मुलांचे दोन वेगळे निवाडे आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. मासामाईला लग्नातून झालेली मुले ज्यांना हवी होती त्यांनी ठेवून घेतली. लग्नाबाहेर झालेला मुलगा कोणालाच नको होता, म्हणून तो तिच्याजवळ राहिला. आईच्या वाट्याला आले ते फक्त तेच मूल, ज्यावर दुसऱ्या कोणी हक्क सांगितला नाही. आणि या एका मुलासाठीसुद्धा शाळेच्या रजिस्टरात तिचे नाव पुरेसे झाले नाही.

हा अडाणी पंचांचा न्याय म्हणून कोणी हसण्यावारी नेईल. म्हणून शिकलेल्या लोकांचा न्यायही बघू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा २५ ऑगस्ट १९५६ चा. त्याचे सहावे कलम असे सांगते की विवाहातून झालेल्या मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचे मूल मात्र सामान्यतः आईजवळ राहील. विवाहाबाहेरच्या मुलाबाबत हेच कलम क्रम उलटा करते. तिथे आई आधी, बाप नंतर. मासामाईच्या बाबतीत पंचांनी जे केले ते आणि संसदेने जे लिहिले ते, यांत तत्त्वाचा फरक किती? ज्या मुलाला घराणे, नाव आणि वारसा आहे ते बापाचे. ज्याला त्यातले काही नाही ते आईचे. लिंबाळे यांचा जन्म १ जून १९५६ चा. तो कायदा आणि हा मुलगा एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यातले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आमच्या वाचकांना ती खटकेल. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी किती रक्त आटवले आणि ते अडवले गेले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद कसे सोडले, हे आपण जाणतो. पुढे त्या बिलाचे तुकडे करून १९५५ आणि १९५६ मध्ये चार कायदे झाले. त्यांतून घटस्फोट मिळाला, वारसा मिळाला, बहुपत्नीत्वाला बंदी आली. आपण बौद्ध झालो तरी हे कायदे आपल्याला लागू आहेत. त्यांचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण मुलाच्या प्रश्नाशी आल्यावर त्या कायद्यात मनूचा आवाज शिल्लक राहिला, हे म्हणायला आपण कचरू नये. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बी आणि शेत यांचा सविस्तर वाद आहे. बाई शेत, पुरुष बी, आणि पीक कोणाचे, असा तो वाद. लीला दुबे यांनी १९८६ साली एका निबंधात दाखवून दिले की ही बी-शेताची भाषा पोथीपुरती राहिलेली नाही, ती लोकांच्या रोजच्या बोलण्यात मुरलेली आहे आणि मुलावरचा बापाचा हक्क तिच्यावरच उभा आहे. आपण २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती पोथी जाळली. पण आपल्या वस्तीतला बाप पोराला ओढून नेताना 'बी माझं आहे' हेच म्हणतो, मग घराच्या भिंतीवर कोणाचाही फोटो असो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात या कलमातल्या 'नंतर' या शब्दाचा अर्थ लावला. 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावर असे नाही. बाप गैरहजर असेल, मुलाकडे बघत नसेल, तर तो जिवंत असतानाही आई पालक ठरू शकते. निकाल चांगला आहे. पण 'नंतर' हा शब्द जागचा हलला नाही.

आता एका जुन्या गोष्टीकडे वळते. जातककथांत महोसध पंडिताची कथा आहे. एक बाई पोराला काठावर ठेवून तळ्यावर अंघोळीला उतरते. एक यक्षिणी बाईचे रूप घेऊन येते आणि पोर उचलते. दोघी 'माझे माझे' म्हणून भांडत महोसधापुढे येतात. तो जमिनीवर रेघ ओढतो, पोराला मधोमध ठेवतो, एकीला हात आणि दुसरीला पाय धरायला लावतो आणि म्हणतो, ओढा. पोर कळवळते. खरी आई हात सोडून रडत उभी राहते. महोसध निकाल देतो की जिने सोडले ती आई. असाच निवाडा बायबलात सॉलोमन राजाच्या नावावर आहे. ब्रेख्तच्या नाटकात, जे आपल्याकडे चिं. त्र्यं. खानोलकर यांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून आणले, हाच प्रसंग फिरवलेला आहे. तिथे पोर सोडणारी ही जन्मदाती नाही. ती वाढवणारी मोलकरीण आहे, आणि निकाल तिच्या बाजूने लागतो. रक्तापेक्षा राबणे मोठे मानणारा हा निकाल आपल्या चळवळीला जवळचा वाटावा असा आहे.

मला मात्र जातकातल्या पुराव्यातच अधिक अर्थ दिसतो. सोडणे हा मायेचा पुरावा, असे तो न्यायाधीश म्हणतो. आपल्या पंचायतीत, कोर्टात, आणि खेद वाटतो पण आपल्या समीक्षेतही, सोडणे हा बाईविरुद्धचा पुरावा असतो. 'पोर टाकून गेली' या तीन शब्दांत तिचा निकाल लागतो. तिने ओढले असते तर पोराच्या अंगाचे काय झाले असते, हे विचारायला तिथे महोसध नसतो.

किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले. या पुस्तकातल्या आईला लग्नच मिळालेले नाही. कोल्हाटी समाजाच्या त्या काळच्या रिवाजात नाचणाऱ्या मुलीचे लग्न होत नसे; कोणी मालदार तिला ठेवी आणि मन भरले की सोडून देई. शांताबाई मुलाला आजोबांकडे नेरल्याला ठेवते आणि पुढे एका माणसाबरोबर सोनपेठला जाऊन राहते. मुलगा आजोळच्या घरात राबतो, मार खातो, जीजीच्या मायेवर तगतो आणि शिकत शिकत डॉक्टर होतो. पुस्तकभर आईवरचा राग आहे, तो लपवलेला नाही. आई आपल्याला टाकून गेली ही जखम वाहतच राहते. आणि तरीही या माणसाने पुस्तकावर नाव लावले ते आईचे. बापाच्या नावाची जागा त्याने रिकामी ठेवली नाही, ती आईला दिली. पुष्कळांनी याला पुरुषसत्तेविरुद्धचा विद्रोह म्हटले, आणि ते चूक नाही. मला त्यात महोसधाचा निकाल ऐकू येतो. फिर्याद मुलाचीच आहे, आरोपी आई आहे, आणि निकालपत्रावर सही करताना मुलगा लिहितो की ही माझी आई. आईने का सोडले याचे पूर्ण उत्तर पुस्तकात नाही. ते तिने स्वतः लिहिले असते तरच मिळाले असते. किशोर काळे २००७ साली अपघातात गेले.

सोडून आलेल्या बाया पुढे काय करतात, हेही बघायला पाहिजे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. खानदेशात आम्ही आत्याला फुई म्हणतो. माझ्या फुईला नवऱ्याने सोडले तेव्हा तिचा मुलगा तीन-साडेतीन वर्षांचा होता. चार पाहुणे बसले, चहा झाला, मुलगा तिकडे राहिला. कायद्याने तो तेव्हा आईजवळ असायला हवा होता, पण त्या ओट्यावर कायदा कोणाला माहीत? फुई माहेरी आली आणि माझी माय कामावर जायची म्हणून तिने मला आणि माझ्या भावाला वाढवले. माझ्या शाळेचा पहिला दाखला काढायला तीच गेली होती. तिचा मुलगा तिकडे त्याच्या आजीने वाढवला. म्हणजे बापाच्या नावावर असलेले पोर बापाने वाढवलेच नाही. एका बाईकडून काढून ते दुसऱ्या म्हाताऱ्या बाईच्या पदरात टाकले. 'अक्करमाशी'तही पोराला सांभाळणारी संतामाई आहे आणि जातीधर्माने कोणीच न लागणारा दादा जमादार आहे. 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये जीजी आहे. आपल्या आत्मकथनांतले खरे पालक रजिस्टरात कुठेच सापडणार नाहीत. आईच्या कष्टांवर आपल्या कवींनी मनापासून लिहिले; ज्योती लांजेवार यांची 'आई' मी दरवर्षी वर्गात वाचते. पण कष्टांचे गाणे झाले म्हणजे हक्काचा प्रश्न सुटला असे होत नाही. कधी कधी ते गाणे त्या प्रश्नावर पांघरूणही घालते.

'अक्करमाशी' आले त्याच १९८४ साली मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आले. शाहीर अमर शेख यांची ही मुलगी, नामदेव ढसाळांची पत्नी. या पुस्तकात मोडत चाललेला संसार आहे आणि मुलगा कोणाकडे राहणार याची ओढाताणही आहे. पण चर्चा झाली ती बहुतेक नेत्याच्या प्रतिमेची. कोणी म्हणाले बदनामी, कोणी म्हणाले धाडस. ढसाळांच्या कवितेचे मोठेपण मला वादातीत वाटते, आणि म्हणूनच त्या मुलाच्या प्रश्नावर बोलणे टाळायचे कारण नव्हते. मासामाईचा नवरा सालदार होता, तो अडाणी म्हणून सोडून देता येतो. इथे चळवळीचेच घर होते. जेरी पिंटो यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०१६ साली आला, तेव्हा बाहेरच्या वाचकांनी ते नव्याने वाचले. आपल्या तरुण मुलामुलींनी ते मराठीत वाचावे.

आता मी जिथे शिकवते त्या जिल्ह्याबद्दल. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. माझ्या वर्गात बौद्धांच्या मुलांपेक्षा भिल्ल, पावरा, मावची, कोकणी मुले जास्त. वर ज्या १९५६ च्या कायद्याची मी चिकित्सा केली तो त्यांना लागूच नाही. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हे हिंदू कायदे अनुसूचित जमातींना लागत नाहीत. त्यांच्यासाठी रूढी आहे, नाहीतर १८९० चा इंग्रजांच्या वेळचा पालक व पाल्य कायदा. त्यात न्यायाधीशाने मुलाचे कल्याण बघावे असे म्हटले आहे. अक्षरे चांगली आहेत. पण धडगावच्या बाईने चांदसैली घाट उतरून नंदुरबारला कोर्टात तारखांना यायचे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे. म्हणून पंच बसतात. देज परत करण्याची बोलणी होतात. दूध पिते पोर आईजवळ, मोठे झाले की बापाच्या कुळात, ही सर्वसाधारण रीत. आदिवासी बाईला नवरा सोडण्याचे, दुसरा करण्याचे जे स्वातंत्र्य आहे त्याचे आपण कौतुक करतो आणि ते खरेही आहे. १९७२ नंतर शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या बाया दारूची मडकी फोडत आणि बायको मारणाऱ्याला जाब विचारत गावोगाव फिरल्या, त्या बळामागे हे स्वातंत्र्यही होते. परंतु तिला जाता येते ते एकटीने. पोर बरोबर नेता येत नाही.

विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५७ व्या अहवालात शिफारस केली की आईबापांना मुलावर सारखाच कायदेशीर दर्जा द्यावा आणि दोघांच्या संयुक्त ताब्याची सोय कायद्यात आणावी. मला शिफारस मान्य आहे. ती वाचताना मात्र मनात येते की यातले आईबाप कुठे राहतात? इथला माणूस दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जातो. मुकादमाची उचल नवराबायकोच्या जोडीवर असते. जोडी मोडली तर कोयता मोडतो आणि उचल डोक्यावर राहते. पोर आश्रमशाळेत. काडीमोड झालेल्या कित्येक घरांत आश्रमशाळेचे फाटक हीच मुलाच्या भेटीची जागा आहे. बाजाराच्या दिवशी आई फुटाणे घेऊन येते, कधी बाप येतो, एकमेकांची गाठ पडू नये अशा बेताने. होळीला मूल कोणाच्या पाड्यावर न्यायचे, यावरून भांडण होते. याला कोणी संयुक्त ताबा म्हणणार नाही, पण हा लोकांनी आपल्या बळावर काढलेला मार्ग आहे. नव्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी हे फाटकही बघून जावे.

आणि जिथे पोर आईने ठेवून घेतले, वाढवले, तिथे एक नवी पंचायत बसलेली असते. ती कागदाची. माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. आई शेतमजूर, बापाने सोडून बरीच वर्षे झालेली. पुढच्या प्रवेशासाठी जात पडताळणी लागली, आणि पडताळणीला वडिलांकडच्या रक्तनात्याचे दाखले लागतात. आजोबांचा शाळेचा उतारा, काकांचे प्रमाणपत्र. बापाकडे गेल्यावर तो म्हणाला, कागद देतो, पण पोरीचे लग्न मी ठरवीन तिथे करायचे. पंधरा वर्षे ज्याने एक वही घेऊन दिली नाही त्याच्या हातात तिचे आरक्षण होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गुजरातच्या एका खटल्यात म्हटले आहे की मिश्र विवाहात मूल आईच्या समाजात, आईनेच वाढवले असेल तर केवळ बापाच्या जातीवरून त्याची जात ठरवू नये. तिथे आईबाप वेगवेगळ्या जातींचे होते. इथे तर दोघांची जमात एकच. तंटा फक्त कागद कोणाच्या पेटीत आहेत याचा. आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी आईच्या भावाचे कागद, गावच्या शाळेतल्या जुन्या नोंदी गोळा केल्या, अर्ज केला. त्यात एक वर्ष गेले.

राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव लिहावे. किशोर काळे यांनी जे तीस वर्षांपूर्वी पुस्तकाच्या वेष्टनावर केले त्याचा अर्धा भाग शासनाने स्वीकारला. सध्या माझ्यापुढे बाकांवर बसलेली मुले त्याच्या कितीतरी आधी जन्मलेली आहेत.

समीक्षक म्हणून एक मागणे आहे, ते लेखकांकडे. 'अक्करमाशी' त्या मुलाने लिहिले जो आईजवळ राहिला. 'कोल्हाट्याचं पोर' त्याने लिहिले ज्याला आईने आजोळी ठेवले. पण पंचांच्या निकालाने बापाकडे राहिलेली जी मुले, मासामाईची ती मुले, माझ्या फुईचा तो मुलगा, त्यांची बाजू लिहिलेली माझ्या वाचनात नाही. आई वाईट चालीची होती असे त्यांना लहानपणापासून सांगितले गेले असणार. बाजारात ती समोर आली तर त्यांनी तोंड फिरवले असेल, किंवा लपून तिच्या हातचा खाऊ घेतला असेल. आपल्या साहित्याचे हे पान अजून कोरे आहे. फुईचा मुलगा आता सुरतेला साच्यावर काम करतो आणि फारसा बोलत नाही.